घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर: गाठ कापायच्या आधी आणि नंतर काय बघायचं

पायावर कितीतरी वर्षं असलेली, चामखीळ नाहीतर कुरूप वाटणारी गाठ अचानक वाढायला लागली, जरा घासलं की रक्त, वरून सारखी ओलसर, तर तिला चुना लावत बसू नका आणि मेडिकलमधली कॉर्न कॅप पण चिकटवू नका. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण कधीतरी तो पोरोकार्सिनोमा निघतो, म्हणजे घामाच्या नळीचा कॅन्सर, साठी-सत्तरीत जास्त दिसणारा.

या कॅन्सरचे प्रकार बरेच आहेत, सगळी नावं पाठ करून उपयोग नाही, जागा लक्षात ठेवा. वरच्या ओठाजवळ किंवा गालावर कातडीच्याच रंगाचा कडक चट्टा, अगदी सावकाश पसरणारा, आणि तिथं बधिर वाटतं किंवा मुंग्या येतात, तर मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमाचा विचार करावा लागतो (१९८२ साली याला वेगळा आजार म्हणून नाव मिळालं). हा नसांच्या कडेकडेने आत शिरतो, म्हणून तो बधिरपणा. बोटाच्या टोकाला न दुखणारी, पाण्याची गाठ वाटणारी सूज असेल तरी ती नुसती फोडून सोडून देऊ नका, तोही याच कॅन्सरचा एक प्रकार असू शकतो.

आता बायोप्सी, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा घेणं, सगळा खेळ इथंच आहे. वरवर खरवडून घेतलेला तुकडा फसवतो, कारण या ओठाजवळच्या प्रकाराचा वरचा थर साध्या सिरिंगोमासारखा (घामाच्या नळीची निरुपद्रवी गाठ) दिसतो आणि रिपोर्ट ‘काळजीचं कारण नाही’ असा येतो. म्हणून चरबीपर्यंत जाणारा खोल पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) किंवा चाकूने घेतलेला तुकडा मागा. आणि दवाखान्यात छोटी गाठ काढून ‘साधीच होती’ म्हणत टाकून देतात ना, तसं होऊ देऊ नका, आधीच विचारा की फॉर्मॅलिनची (तुकडा टिकवायच्या द्रावणाची) बाटली आहे का. जे कापलं ते सगळं लॅबला गेलंच पाहिजे.

रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा’ (कातडीतल्या घामाच्या वगैरे ग्रंथींचा कॅन्सर) किंवा ‘मेटास्टॅसिस नाकारता येत नाही’ (म्हणजे दुसरीकडचा कॅन्सर पसरून इथं आलेला असू शकतो) असलं काही लिहून आलं तर घाबरायच्या आधी आयएचसी (पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) करून घ्या. स्तनाचा, फुफ्फुसाचा कॅन्सर कातडीत पसरला तर मायक्रोस्कोपखाली पुष्कळदा असाच दिसतो, त्या तपासणीत पी६३ आणि डी२-४० या खुणा पॉझिटिव्ह आल्या तर गाठ मूळ कातडीचीच असण्याकडे कल जातो, तरीही स्तनाची तपासणी आणि सीटी स्कॅन बऱ्याचदा करायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड्स लॅबकडून मागून घ्या, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी त्यांच्यावरून दुसरं मत मिळतं. इतक्या दुर्मिळ आजारात एकाच पॅथॉलॉजिस्टच्या सहीवर मोठं ऑपरेशन करू नये असं माझं स्पष्ट मत.

ऑपरेशनच्या आधी काखेत, जांघेत, मानेत लिम्फ नोडच्या गाठी चाचपून बघतात, शंका आली तर सोनोग्राफी करून सुईने तपासतात. बधिरपणा असेल तर एमआरआय.

मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रियाच. एक तर गाठीभोवतीची चांगली कातडी धरून, साधारण १ ते २ सेंमी, रुंद काढतात, नाहीतर मोह्स पद्धतीने थर थर काढत प्रत्येक थराची कड तिथल्या तिथं तपासतात. चेहऱ्यावर मोह्स उत्तम, पण आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी होते. नसेल तर सर्जनला एवढं नक्की विचारा की कडा साफ असल्याचा रिपोर्ट आल्यावरच फ्लॅप (जखम झाकायला शेजारची कातडी) फिरवणार का, कारण आधीच कातडी फिरवली आणि नंतर कडेला कॅन्सर राहिल्याचं कळलं तर नेमकं कुठं शोधायचं हेच समजत नाही.

कडा साफ नसतील, नस धरली असेल किंवा लिम्फ नोडमध्ये गेला असेल तर रेडिएशनचा विचार होतो. केमोचं मात्र ठरलेलं असं काही नाही, पसरलेल्या आजारात देतात पण भरवसा कमी, त्यामुळे ट्युमर बोर्डात (वेगवेगळ्या कॅन्सर डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत) केस ठेवायला सांगा, गाठीत हर२ किंवा अँड्रोजन रिसेप्टर (ज्यांच्यावर औषधं आहेत अशी प्रथिनं) तपासून काही हाती लागतंय का तेही विचारा.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, बिल झाल्यावर धावपळ करून फायदा नाही. आणि टाके निघाले म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका, हे परत येतात, बोटावरचे तर बऱ्याच वर्षांनी फुफ्फुसात सापडतात, त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तरी दाखवत राहायचं, ब्लॉक सोबत जपून.