मोठ्या रिझर्वायरवर ट्राउट लागत नाहीये? फ्लाय बदलण्याआधी या चुका टाळा

इंग्लंडात रटलंड, ग्राफम, च्यू व्हॅली असल्या मोठ्या पाण्यावर नवीन माणूस गेला की त्याचा दिवस कसा जाणार हे जवळपास ठरलेलं असतं. तासभर काही लागलं नाही की बॉक्स उघडायचा आणि फ्लाय (हुकवर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा) बदलायची, मग अजून तासाभराने अजून एक, काळी झाली, हिरवी झाली, ती झगझगीत नारिंगी पण झाली, आणि संध्याकाळी परत येताना म्हणायचं की आज मासे खातच नव्हते. खात असतात हो. रटलंड वॉटर ३,००० एकरांच्या वर पसरलंय, आणि त्यात तुमची फ्लाय ज्या थरातून चाललीये तिथे ट्राउट नसेलच तर फ्लाय सोन्याची असली तरी तिला बघणार कोण? बहुतेक वेळा घोळ फ्लायचा नसतो, खोलीचा असतो.

लाईन पडली की लगेच ओढायला लागणं

ही सगळ्यात कॉमन चूक, म्हणून आधी हीच. सिंकिंग, म्हणजे बुडणाऱ्या, लाईनच्या पाकिटावर डीआय-३, डीआय-५, डीआय-७ असं लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे लाईन सेकंदाला साधारण किती इंच बुडते ते. डीआय-५ टाकून २० पर्यंत मोजलंत तर १०० इंच, म्हणजे आठ फुटांच्या जरा वर खाली गेली, आणि ५ मोजून ओढायला लागलात तर जेमतेम दोन फूट. तोच रॉड, तीच फ्लाय, पण दोन वेगळ्या पाण्यात मासेमारी चालू आहे असं समजा. म्हणून मोजायचं, दर कास्टला, म्हणजे दर फेकीला, मोजायचं. पहिला कास्ट ५, पुढचा १०, मग १५, मग २०, आणि टेक आला, म्हणजे माशाने फ्लाय धरली, की तो आकडा डोक्यात ठेवायचा आणि बोटीतल्या पार्टनरला पण सांगायचा, लपवून काय मिळणारे. बोटीत दोघं असाल तर सुरुवातीला एकाने फ्लोटिंग (तरंगणारी) लावावी आणि एकाने सिंकिंग. दोघांनी सारखीच लाईन लावली तर दोघं मिळून एकाच थरात चुकत बसता.

आता सकाळी वरच्या वर मस्त टेक येत होते आणि ऊन पडल्यावर एकदम सगळं बंद, असं झालं तर मासे गेले नाहीयेत, खाली गेलेत. उन्हाळ्यात या पाण्यांमध्ये रेनबो ट्राउट मोठ्या प्रमाणात डॅफ्निया खातात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे पाण्यातले पिसू, आणि हे डॅफ्नियाचे थवे प्रखर उजेडात खोल जातात, ढग आले किंवा संध्याकाळ झाली की परत वर येतात. मासे त्यांच्या मागेमागे. खात्री करायची असेल तर घरी न्यायला मारलेल्या पहिल्या माशाच्या घशातून मॅरो स्पून (लांब अरुंद चमचा) आत घालून, फिरवून बाहेर काढा आणि चमच्यात आलेलं पांढऱ्या डबीत थोड्या पाण्यात सोडा. बारीक ठिपक्यांचा लगदा दिसला तर डॅफ्निया, मग ब्लॉबसारखी झगझगीत फ्लाय जरा जोरात ओढलेली चालते. काळे-तपकिरी, स्वल्पविरामासारखे वाकडे प्यूपा (कोष) दिसले तर बझर, म्हणजे पाण्यात वाढणारी डासासारखी माशी, आणि मग पूर्ण वेगळा खेळ.

बझर लावून लूअरसारखं ओढणं

बझरचं प्यूपा तळातून वर येताना अगदी हळू येतं, ते काही पळत सुटत नाही. एप्रिल-मे मध्ये लोक बझरची नक्कल करणारी फ्लाय किंवा डियाउल बाख नावाची तसलीच फ्लाय लावतात ते बरोबरच, पण मग लूअर, म्हणजे जोरात ओढायची मोठी झगझगीत फ्लाय, असल्यासारख्या हातभर लांब ओढण्या सुरू करतात आणि सगळी मजा घालवतात. फ्लोटिंग लाईन, लांब लीडर (लाईनच्या टोकाची बारीक नायलॉन दोरी), आणि बोटांनी फक्त ढील गोळा करायची, बस. बाकीचं काम वारा करतो. नजर रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंत लाईनचा जो झोळ पडतो त्याच्यावर. तो झोळ जरा सरळ झाला की रॉड उचला, हाताला काही लागायची वाट बघत बसलात तर माशाने ती थुंकून पण टाकलेली असते.

लूअर ओढत असाल तर मात्र नेमकं उलटं. टुक टुक करून टेक येतायत पण मासा लागत नाही अशी तक्रार असते ना, त्यात बऱ्याचदा दोष हिसक्याचा असतो. टुक झालं की रॉड वर, फ्लाय माशाच्या तोंडासमोरून गायब. रॉडचं टोक खाली पाण्याला टेकवून ठेवा, ओढत राहा, वजन आलं की मगच उचला. टोक वर ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा, कारण मधली ढील अर्धे टेक खाऊन टाकते.

आणि कास्टच्या शेवटी हँग! हे इतके लोक गाळतात की विचारू नका. ट्राउट फ्लायच्या मागे बराच लांब येतो, बोटीपर्यंत येतो, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच सगळं उचलून पुढचा कास्ट मारता. त्याऐवजी शेवटचे काही फूट राहिले की रॉड सावकाश वर उचलायचा, वरच्या ड्रॉपरवरची (लीडरला मध्येच फुटलेल्या छोट्या फांदीवरची) फ्लाय पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली आली की थांबायचं आणि पाच-दहा सेकंद नुसतं बघायचं. कधी मागे पाणी फुगल्यासारखं होतं, कधी खाली पांढरं तोंड उघडलेलं दिसतं, तेव्हा घाई करायची नाही, तो वळू दे.

गुंता

वाऱ्यात तीन फ्लाय लावून गुंता झाला की लोक वाऱ्याला शिव्या देतात. बॅककास्ट मागे सरळ व्हायच्या आत पुढे मारला की होतो तो. जमत नसेल तर दोन लावा, एक लावा, कोणी मार्क कापत नाही. दोन फ्लायमध्ये चार-पाच फूट अंतर तरी हवंच. आणि अधूनमधून लीडर बोटांमधून फिरवून बघत जा, वाऱ्यात आपोआप पडलेली बारीक गाठ लीडरची ताकद पार निम्म्यावर आणू शकते, मग मोठा मासा तोडून गेला की नॉयलॉनला दोष.

काठावरून

गेल्या गेल्या कंबरभर पाण्यात शिरू नका राव. पहाटे ट्राउट काठाच्या अगदी जवळ, गुडघाभर पाण्यात फिरत असतो, तुम्ही त्याच्या जेवणाच्या ताटात पाय ठेवता आणि मग त्याला लांब कास्ट मारून शोधता. आधी कोरड्यात उभं राहून काठाला समांतर चार-सहा कास्ट मारा, मग शिरा. वारा पाठीवर घेऊन उभं राहणं आरामाचं असतं पण वरचं गरम पाणी आणि त्यातलं खाणं वारा समोरच्या काठाला ढकलतो, त्यामुळे निदान आडवा वारा मिळेल अशी जागा बघा.

बोटीत

ड्रोग (बोट हळू करायला पाण्यात सोडायचं पॅराशूटसारखं कापड) न सोडता जोराच्या वाऱ्यात ड्रिफ्ट केलं, म्हणजे बोट वाहू दिली, तर बोट तुमच्या फ्लायपेक्षा फास्ट जाते आणि लाईनला ताणच राहत नाही. ड्रोग बोटीच्या मध्यावर बांधा म्हणजे बोट आडवी राहते. एक मासा लागला की तोच ड्रिफ्ट परत करा, पण परत वर जाताना लांबून वळसा घालून जा, ज्या पाण्यातून मासे मिळाले त्याच्यावरूनच इंजिन घेऊन जाणारे लोक रोज दिसतात. दुसऱ्या बोटीच्या पुढ्यात घुसणं तर सरळ असभ्यपणा. उभं राहून कास्ट मारू नका, लाईफजॅकेट काढू नका, आणि चष्मा ढगाळ दिवशी पण हवाच, तो उन्हासाठी नाही, पार्टनरच्या हुकसाठी आहे.

सोडून देणार असाल तर

पाणी २० डिग्रीच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी असतो, दमलेला रेनबो सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो पण जगेलच असं नाही. अशा दिवसात परवानगी असेल तेवढे ठेवा आणि थांबा. बूबी (फोमच्या डोळ्यांची तरंगणारी फ्लाय) तळाजवळ नुसती स्थिर ठेवून धरलेला मासा बऱ्याचदा ती पार घशात घेतो, म्हणून सोडायचं असेल तर ही पद्धत नकोच. डे तिकीट काढलं तरी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स वेगळं लागतं, १३ वर्षांपासून पुढे सगळ्यांना, हे पण लोक विसरतात.

शेवटचं, आणि हे मासे न लागण्याबद्दल नाहीये पण सांगायलाच हवं. २०१० मध्ये ग्राफमला किलर श्रिम्प सापडली, बाहेरून आलेली कोळंबीसारखी जात जी तिथल्या बाकी किड्यांचा फडशा पाडते, आणि असले पाहुणे ओल्या वेडर्समधून (पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ पँट-बूट), नेटमधून आरामात दुसऱ्या पाण्यात पोचतात. त्यामुळे शनिवारी एका रिझर्वायरवर आणि रविवारी दुसऱ्यावर असा बेत असेल तर मध्ये सगळं नीट तपासा, धुवा आणि खडखडीत वाळवा, वेडर्सच्या बुटांचे तळवे, नेटची जाळी आणि घडी घालून पिशवीत कोंबलेला तो ओला ड्रोग सुद्धा.