पचनसंस्थेची आकृती काढताना नळ्या नेमक्या कशा जोडाव्यात

तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, गुदद्वार ही अन्नाची वाट एका दमात काढून टाका. मोठं आतडं बाहेरून चौकटीसारखं, लहान आतड्याची वेटोळी त्याच्या आत. कागदाची डावी बाजू म्हणजे शरीराची उजवी, एवढं विसरू नका.

खरी अडचण यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंडाशी येते. ‘आधी मोठं यकृत काढा, मग बाण दाखवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. त्याने अन्न यकृतातूनच पुढे जातं असा समज होतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. या तिन्ही अवयवांत अन्न शिरतच नाही. तिथून फक्त रस बाहेर येतात.

म्हणून सुरुवात जठराच्या शेवटाकडून करा. तिथे लहान आतड्याचा पहिला भाग, साधारण २५ सेंटिमीटरचा, इंग्रजी ‘सी’सारखा वळतो. त्या बाकात स्वादुपिंडाचं डोकं बसवा. शेपूट जठराच्या मागून प्लीहेकडे न्या. यकृत वर, शरीराच्या उजवीकडे (कागदावर डावीकडे), पित्ताशय त्याच्या खाली.

आता नळ्या, आणि इथे घाई नको. यकृतातून आलेल्या नळीला पित्ताशयाची नळी मिळते. ती एकत्र नळी स्वादुपिंडाच्या डोक्यामागून खाली उतरते, बहुतेकांत स्वादुपिंडाच्या नळीला मिळते आणि बाकाच्या मधल्या भागात उघडते. पित्ताशयाच्या नळीवर बाण दोन्ही दिशांनी हवेत. पित्त तयार करतं यकृत. पोट रिकामं असताना एकत्र नळीच्या खालच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी आवळलेली असते, म्हणून पित्त पित्ताशयात जाऊन साठतं, दाट होतं. स्निग्ध अन्न आलं की पित्ताशय आकुंचन पावतं, कडी सैल होते. पित्त चरबीचे बारीक थेंब करतं. ती पचवणारं विकर स्वादुपिंडाच्या रसात असतं. जठरातून आलेलं आम्लही मुख्यतः तोच रस शमवतो.

आकृती बरोबर आली का, हे तपासायला सामाईक तोंडाशी एक टिंब द्या: पित्ताचा खडा अडकला असं समजा. तिथे अडथळा आला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. तुमच्या टिंबाने दोन्ही नळ्या अडत नसतील, तर खोडा आणि पुन्हा जोडा.

लाळग्रंथी, आंत्रपुच्छ आणि नावं सगळ्यात शेवटी.