कामाच्या दिवशी मणगणं

घरून काम करताना वेळखाऊ पदार्थ जरूर करा, फक्त निवडताना एक बघा: त्याला नुसती आच लागते की सतत हातही लागतो? दोदोल, म्हणजे तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाच्या रसाची गोव्याकडची मिठाई, कामाच्या दिवशी नकोच. ते ढवळत राहावं लागतं. कॉल लांबला की तळाला लागलंच समजा. मणगणं, म्हणजे चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या रसाची गोव्याकडची खीर, मात्र बराच वेळ आपलं आपण शिजतं.

चण्याची डाळ रात्रीच भिजत घाला. सकाळी काम सुरू करायच्या आधी नारळाचा जाड रस काढून फ्रिजमध्ये ठेवा, पातळ रस वेगळा. डाळ जाड बुडाच्या टोपात, भरपूर पाण्यात, मंद आचेवर चढवा आणि झाकण किंचित कलतं ठेवा. अधूनमधून पाणी बघायला फोनवर टायमर लावा, आणि खोलीचं दार बंद करून बसू नका.

दाणा बोटांत सहज चेपला गेला पाहिजे, पण अख्खा दिसला पाहिजे. तोवर गुळाला हात लावू नका. गूळ आधी पडला तर डाळ शिजायचं नाव घेत नाही. मग भिजवलेला साबुदाणा आणि पातळ रस. इथून पुढे मात्र ओट्यापाशीच थांबा, कारण साबुदाणा तळाला बसतो. हा टप्पा जेवणाच्या सुट्टीत बसवा. साबुदाणा पारदर्शक झाला की गूळ, चिमूटभर मीठ, वेलची. जाड रस सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका, नाहीतर रस फाटतो.

खतखत्यातही, म्हणजे गोव्याकडच्या डाळ घातलेल्या मिश्र भाजीतही, सोलं (आमसुलं) आणि गूळ डाळ-भाज्या मऊ झाल्यावरच घाला.