गाडीत डॅम्पिंग करताय? मग या चुका टाळा

गाडी आवाज करते, पत्र्याला आतून थरथराट मारणारी शीट चिकटवली की काम झालं (यालाच डॅम्पिंग म्हणतात), असं व्हिडिओ बघून वाटतं खरं. व्हिडिओ बारा मिनिटांचा असतो. माणूस रविवारी जेवून उठतो आणि पाना हातात घेतो. सोमवारी तोच माणूस दाराचं आतलं झाकण, म्हणजे पॅड, मागच्या सीटवर टाकून माझ्याकडे जळगावात येतो. इतकी वर्षं हे काम करतोय, गाड्या बदलल्या, चुका त्याच.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे छताला डांबरी पट्टी. गच्चीची गळती थांबवायला हार्डवेअरच्या दुकानात जी चंदेरी पट्टी मिळते ना, ती. वरून ॲल्युमिनियम, खाली काळं चिकट. दिसायला हुबेहूब डॅम्पिंग शीट, आणि भाव फारच कमी. "तेच तर आहे भो!" नाही, ते तेच नाही. चांगल्या शीटमध्ये ब्युटाइल रबर असतं, टायरच्या ट्यूबा ज्याच्या होतात ते. पट्टीत बहुतेक वेळा डांबर. रस्त्याचं साधं डांबर ५० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ आणि उन्हात उभ्या गाडीचा छताचा पत्रा ७० च्या घरात. पुढचं गणित तुम्हीच करा.

चोपड्याच्या एका आप्पांनी जानेवारीत स्वतःच्या हातानं अख्खं छत या पट्टीनं मढवलं. चार महिने खूश होते, पाव्हण्यारावळ्यांना छत वाजवून दाखवायचे. मेमध्ये लग्नाला गेले, गाडी दिवसभर उन्हात. परत निघाले तेव्हा पांढऱ्या अस्तरावर काळे डाग फुटलेले, आणि पारोळ्याच्या पुढे कुठंतरी एक थेंब काकूंच्या पैठणीवर. माझ्याकडे आले तेव्हा एकच प्रश्न, "भाऊ, हाई काय व्हयनं?" मागे काकू बसलेल्या, एक शब्द बोलत नव्हत्या. आम्ही दोघं दोन दिवस उताणे पडून रॉकेल आणि पत्रीनं ते डांबर खरवडत होतो. अस्तर फेकलं. रॉकेलचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च आला, पैठणी वेगळीच.

कोणीतरी सांगेलच, की कंपनीसुद्धा डांबरी शीट वापरते. वापरते, पण मुख्यतः फ्लोअरवर, आणि ती रंगाच्या भट्टीच्या उष्णतेत पत्र्यावर बसवलेली असते. तुम्ही ती डोक्यावर उलटी टांगताय.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती सांगायचा मला हक्क आहे. दाराच्या काचेवरून पावसाचं पाणी आत उतरतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर जातं. दार असंच बनवलेलं असतं. सुरुवातीच्या काळात एका गाडीला मी शीट अगदी तळापर्यंत ओढून, रोलरनं दाबून, झकास बसवली. जूनचा पहिला पाऊस झाला आणि एरंडोलचे ते गिऱ्हाईक दारात उभे. ब्रेक मारला की दारात कळशी हिंदकळल्यासारखा आवाज. म्हणाले, "आवाज बंद करायला पैसे दिले होते, तुम्ही तर दारात विहीर काढून दिली." सगळं उघडलं, तर तळाच्या सांध्यावर गंज धरायला लागलेला. तेव्हापासून माझी सवय अशी: शीटला हात लावायच्या आधी प्रत्येक भोकात आगकाडी खोचायची, तळाची चार बोटं जागा मोकळी सोडायची आणि पॅड लावायच्या आधी काचेवरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली पडताना बघायचं. आतला प्लास्टिकचा कागद टरकावून फेकू नका, तोही पाण्यासाठीच असतो. फाटला तर नवा लावा.

सगळा पत्रा इंच न् इंच झाकायचा हट्ट का, हे मला कळलेलं नाही. वाजणाऱ्या परातीला मधोमध अंगठा लावला तरी ती गप्प होते, दोन्ही हातांनी मिठी मारावी लागत नाही. सपाट भागाचा पाव हिस्सा झाकला तरी पत्र्याचा थरथराट बराच मरतो. २ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास भरते. ते वजन शेवटी दाराच्या बिजागरीलाच पेलायचंय.

धूळ पुसल्याशिवाय चिकटवू नका. आपल्याकडे दाराच्या आत काळ्या मातीचा थरच असतो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. थिनर नको, रंग उठतो.

रोलर घ्या. हातानं दाबलेली शीट पहिल्या उन्हाळ्यात कोपरे उचलते. डिसेंबरात धुळ्याकडे पहाटे इतकी थंडी असते की शीट कडक पडते. अर्धा तास उन्हात टाका, मग बघा कशी बसते. मे महिन्यात उलट, पहाटेच उरकून घ्या.

ज्या गाडीला पडद्याच्या एअरबॅग आहेत, म्हणजे छताच्या कडेतून काचेवर उघडणाऱ्या, तिच्या छताच्या कडेला आणि खांबांना हात लावू नका. सीट काढायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, थोडं थांबा, आणि सीटखालचे एअरबॅगच्या तारांचे पिवळे कनेक्टर सोडलेले असताना चावी फिरवू नका. एअरबॅगचा दिवा लागला की मग स्कॅनर लावणारा शोधत फिराल.

आणि हे सगळं करायच्या आधी टायरची हवा बघा. दारात दहाची नोट धरून दार लावा, नोट सरसर निघाली तर बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, गेलंय. सुरत-नागपूर महामार्गावर काँक्रीट लागलं की जी घरघर येते, ती बरीचशी टायरची असते. पत्रा थरथरतो तिथं शीट उपयोगी. टायरच्या घरघरीला फ्लोअर आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला जड थर लागतो, आणि तोही ती घरघर कमीच करतो, घालवत नाही. इतकं सांगूनही लोक दारांपासूनच सुरुवात करतात, कारण दार उघडायला सोपं.

दिवसाला दोन दारं, त्यापेक्षा जास्त नको. पॅडच्या क्लिपा मोडणारच, दहा-बारा जास्तीच्या घेऊनच बसा, कारण रविवारी आमचं दुकान बंद असतं.