जुन्या शोभेच्या वस्तूंना जुनी इंग्रजी नावं देताना काय बघायचं

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात बाहेरच्या खोलीत एक शिसवी स्टँड आहे, तीन फळ्यांचा, चारी बाजूंनी उघडा. त्यावर आज्जीनं मांडलेली गोकाकची लाकडी फळं, त्यातल्या सीताफळाचा रंग देठापाशी उडालाय आणि आतलं फिकट लाकूड दिसतं. दिवाळीच्या साफसफाईत मावशी म्हणाली जागा अडते, फोटो काढून ऑनलाइन टाक आणि इंग्रजीत लिही म्हणजे बाहेरचे लोक पण बघतील. मी शोभेची वस्तू म्हणून एक जुना भारदस्त शब्द शोधला, ग्यूगॉ, आणि फळांच्या फोटोखाली टाकून दिला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका बाईंचा मेसेज, अहो ग्यूगॉ म्हणजे भडक, कवडीमोल वस्तू, स्वतःच्या आज्जीच्या फळांना असं का म्हणताय? लई वाईट वाटलं. तेव्हापासून नाव लिहायच्या आधी मी काय काय बघते ते इथं लिहितेय, कारण आपल्याकडं कॅम्पातल्या जुन्या सामानापासून खानापूर, निपाणीच्या वाड्यांपर्यंत अशा वस्तू घरोघरी आहेत.

आधी वस्तू हातात घ्या आणि ती करते काय ते मराठीत बोला. काम असेल तर तिला नेमकं नाव असतंच, मग गोल गोल शब्द कशाला. खांबाच्या किंवा पलंगाच्या टोकावरचा कळसासारखा नक्षीचा शेंडा म्हणजे फिनिअल, पडद्याचा गोंडा टॅसल, भिंतीवर कोरलेली लोंबती फुलमाळ फेस्टून. आमचा उघडा स्टँड व्हॉटनॉट निघाला, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या घरात बारीकसारीक वस्तू मांडायला असायचा तोच. खुर्चीच्या पाठीवरचा क्रोशाचा रुमाल अँटिमॅकॅसर. त्या काळी पुरुष केसांना मॅकॅसर तेल लावायचे, नाव इंडोनेशियातल्या मकासर बंदरावरून आलेलं, ते खुर्चीला लागू नये म्हणून हा रुमाल. बसच्या सीटवर डोक्यापाशी पांढरं कापड असतं बघा, तोच प्रकार.

काम काहीच नाही, नुसती शोभा, तर मग शब्दाचा स्वभाव तपासा. हीच पायरी लोक सोडतात. क्युरिओ लिहिलं की वस्तू दुर्मीळ, बघण्यासारखी वाटते. निक-नॅक घरगुती, मायेचा, किरकोळ वस्तूला चालतो. ब्रिक-अ-ब्रॅक एका वस्तूला नाही, सगळ्या पसाऱ्याला मिळून म्हणतात. ट्रिंकेट म्हणजे छोटा, स्वस्तातला दागिना, म्हणून खऱ्या सोन्याच्या नथीला तो चुकूनही लावू नका. बॉबलचं जरा वेगळं आहे, एरवी त्यात चकचकीत पण फुकाची वस्तू असा टोमणा असतो पण ख्रिसमसच्या झाडावरच्या गोळ्याला इंग्लंडमध्ये सरळ बॉबलच म्हणतात, तिथं टोमणा नाही. ग्यूगॉ, गिमक्रॅक, टॉड्री हे मात्र उघड हिणवणारे. शब्दकोशात अर्थाच्या आधी बारीक अक्षरात डेरोगेटरी, म्हणजे हिणवणारा, असं लिहिलंय का ते वाचा, आर्केइक असेल तर शब्द वापरातून गेलेला समजा.

टॉड्रीची गोष्ट तर मला फार लागते. इंग्लंडमध्ये ईली गावात एथेलड्रेडा नावाची संत होऊन गेली, 679 साली वारली, लोकांच्या तोंडी तिचं नाव ऑड्री. गळ्याला गाठ आली तेव्हा ती म्हणाली, तरुणपणी हार घालून मिरवले त्याचं हे प्रायश्चित्त. पुढं तिच्या नावाच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी लेस विकायला लागल्या, सेंट ऑड्रीज लेस. घाईत बोलताना सेंटमधला ट ऑड्रीला चिकटला, टॉड्री झालं, आणि जत्रेतला माल स्वस्त म्हणून अर्थ भडक, हलक्या दर्जाचा असा घसरला.

आणि काही शब्द आपल्या दारातनंच गेलेत, ते बिनधास्त वापरा. बँगल आपल्या बांगडीच्याच घरातला. चिंट्झ म्हणजे छीट, ते छापील कापड तिकडं इतकं खपायला लागलं की 1721 च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये ते वापरायलाच बंदी घातली, ती 1774 ला उठली. सीक्विन म्हणजे कपड्यावरची टिकली, तो शब्द व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आला आणि त्या नाण्याचं नाव अरबी सिक्कावरून, म्हणजे आपला सिक्काच की. बीड म्हणजे मणी, पण जुन्या इंग्रजीत तोच शब्द प्रार्थनेला होता, जपमाळ ओढता ओढता अर्थ मण्यावर आला. आज्जीची तुळशीची माळ विकायला नाही काढली, पण तिच्या डब्यावर मी बीड्सच लिहिलंय.

अजून एक युक्ती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) ऑनलाइन फुकट आहे. त्यात झालर, तोरण, गोंडा असा मराठी शब्द टाकायचा आणि समोर कुठला इंग्रजी शब्द दिलाय ते वाचायचं, म्हणजे त्या काळचं नाव मिळतं. मग तो शब्द परत इंग्रजी कोशात बघून स्वभाव तपासायचा, दोन्हीकडं जुळला तरच घ्यायचा.

लिहिताना आधी साधं वर्णन, कशाची, केवढी, कुठली, डाग कुठं ते स्पष्ट, आणि जुना शब्द शेवटी एकच. पाच शब्द रचले की घेणारा गोंधळतो. आमच्याकडं कन्नड गिऱ्हाईक पण असतं तर खाली कन्नडमध्ये एक ओळ जोडा, शेजारच्या अक्का वाचून दुरुस्त करून देतात.

स्टँडखाली आता लिहिलंय, शिसवी उघडा स्टँड, तीन फळ्या, एका पायाला चीर, व्हॉटनॉट. फळांचा फोटो मी काढून टाकला, मावशीनं ती परत फळीवर मांडलीत, सीताफळ पुढं.