रोज दहा मिनिटं स्थिर बसण्याची तालीम

स्थिर बसायचा सराव सुरू करणारे बरेच जण आठवड्याभरात तो सोडतात आणि कारण एकच सांगतात: 'माझं मन टिकतच नाही.' मन कुणाचंच टिकत नाही. ते भटकतं, भटकल्याचं ध्यानात येतं, आपण ते श्वासाकडे परत आणतो. तालमीत जोर मोजतात तशी ही एकेक खेप मोजायची. दहा मिनिटांत तीसदा मन परत आणलं, तर तीस जोर झाले.

शरीर स्थिर ठेवायचं तेही यासाठीच. लक्ष सुटल्याचं कळायच्या आधीच बोट हलतं, पाय सरकतो, घसा खाकरला जातो. हलायचं नाही असं ठरवलं की हलण्याची नुसती ओढही जाणवू लागते, आणि लक्ष सुटतंय हे लवकर कळतं.

बैठक नीट जमवायला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं गेली तरी चालतील, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. जमिनीवर सतरंजी घाला. तिच्यावर चादर किंवा घोंगडी घडी करून साधारण चार ते सहा इंच उंच करा आणि त्या घडीच्या पुढच्या कडेवर बसा. गुडघे कमरेपेक्षा खाली यायला हवेत. ते वर राहिले तर कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो आणि पाचव्या मिनिटाला पाठ दुखू लागते. एक गुडघा अधांतरी राहत असेल, तर त्याखाली टॉवेल सारा. मांडी घालणं जमत नसेल तर खुर्ची घ्या, पण पाठ टेकवू नका. तळवे पूर्ण जमिनीला लागले पाहिजेत. पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा. हात मांडीवर, हनुवटी किंचित आत. पंख्याचा झोत थेट तोंडावर नको, त्यात नाकाशी होणारा श्वासाचा बारीक स्पर्श हरवतो.

वेळ शक्यतो सकाळची, दात घासून झाल्यावर आणि चहाच्या आधी. रोजच्या एखाद्या सवयीला जोडलं की आठवण ठेवावी लागत नाही. जेवणानंतर बसायचं असेल तर दोन तास जाऊ द्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, मंद गजर लावा आणि तो पाठीमागे ठेवा. समोर ठेवला की किती मिनिटं उरली हे बघायला डोळे उघडतातच. पहिला आठवडा पाच मिनिटं, दुसरा आठ, नंतर दहा. छान जमलं म्हणून वेळ वाढवू नका, जमत नाही म्हणून गजराआधी उठूही नका.

आता लक्ष ठेवायचं कुठे? इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं, शिकवतात. तिथे लक्ष नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या आसपासच्या लहानशा भागावर असतं, आणि श्वास जसा येईल तसा नुसता जाणायचा असतो, मोजायचा नसतो. रोजच्या थोडक्या सरावात नवख्या माणसाला मोजणीचा आधार बरा पडतो. श्वास बाहेर जाऊन संपला की मनात 'एक', पुढचा संपला की 'दोन', असं दहापर्यंत आणि पुन्हा एकपासून. आकडा श्वासाच्या शेवटीच म्हणा. आधी म्हटला तर श्वास आकड्यामागे धावतो, आपण तो ओढू लागतो आणि छाती जड होते. आकडा विसरलात तर एकपासून सुरू. 'चौदा'वर भानावर आलात तरी एकपासूनच. सर्दीने नाक बंद असेल तर पोटाचं वर-खाली होणं धरा.

मध्येच कुकरची शिट्टी होईल, दुपारच्या मीटिंगची आठवण येईल. मनात एकच शब्द म्हणायचा, 'आवाज' किंवा 'बेत', आणि श्वासाकडे यायचं. स्वतःवर चिडलात तर ती चीड हाही विचारच. तिलाही नाव द्या आणि परत या.

खाज सुटली तर तीन श्वास तिच्याकडेच पाहा. बहुतेकदा ती विरते. नाहीच विरली तर ठरवून, सावकाश हात न्या, खाजवा, हात परत ठेवा. पायाला मुंग्या येतात त्या नसेवर दाब पडल्यामुळे. उद्या घडीची उंची बदला किंवा मांडीचा पाय बदला. मात्र गजर झाल्यावर बधिर पायावर लगेच उभं राहू नका, तोल जातो. तीव्र किंवा सलणारं दुखणं असेल तर तिथे सहनशक्ती पाहायची नाही, सरळ बैठक बदलायची.

पेंग येत असेल तर डोळे अर्धे उघडून तीन-चार फुटांवरच्या जमिनीकडे नजर सोडा. हनुवटी खाली घसरली असेल तर ती उचला. रोजच पेंग येत असेल, तर झोप अपुरी आहे. ती आधी भरून काढा, आसनावर त्याचा इलाज नाही.

काही जणांना श्वासाकडे पाहिलं की घाबरल्यासारखं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा बाहेरचे आवाज धरावेत. तरीही अस्वस्थता वाढत गेली, किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलूनच पुढे जावं.

नोंद ठेवायची असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त बसल्याची खूण करा. बैठकीला गुण दिले की दुसऱ्या दिवशी लक्ष श्वासावर राहत नाही, गुणांवर जातं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. नेहमीची दहा मिनिटंच बसा.