जुनी स्पोर्ट्स कार अन् जळगावचा मे, काटा खाली कसा आणला

दिवाळीत पुण्याहून सेकंडहँड टू-सीटर आणली, थंडीत एकदम मस्त चालली, पण मे मध्ये पारा ४४ला टेकला अन् एसी लावून एरंडोल गाठेपर्यंत टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. गॅरेजवाला म्हणे थर्मोस्टॅट बदला, वॉटर पंप बदला. पण कूलंट बरोबर, गळती नाही, दोन्ही फॅन चालू, मग म्हटलं आधी हवा कुठं अडते ते तर बघू.

हिचं इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर मात्र पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, अन् त्याच्यापुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारे कंडेन्सर. बंपर उतरवला, एसीच्या गॅसचे पाईप न काढता कंडेन्सर जरा पुढे ओढला, तर मधल्या फटीत निंबाचा पाला, धूळ अन् कापसाची रुई, एक उशी भरेल एवढी! आपल्या हायवेवर सीझनभर कापसाच्याच गाड्या, दुसरं काय होणार भाऊ.

प्रेशर वॉशर अजिबात मारू नका, फिन्स (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) वाकतात. मऊ ब्रश अन् साधं पाणी, तेही मागून पुढे. बंपरच्या हवा घ्यायच्या तोंडाला जाळी लावली, फार बारीक नको, हवाच अडते.

आता भरदुपारी एसी लावून भुसावळला जातो, काटा मधोमध. स्पीडब्रेकरला पोट घासतं, त्याला इलाज नाही.